जाऊ दे म्हणजे कुठे?

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहायचं म्हणून लिहिलेलं नाही. खरोखरच वाकलो आहे, कारण आमच्या खोलीतल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि त्याच्याखाली तीन वर्षं घातलेली पुस्तिका मी गेल्या आठवड्यात ओढून काढली. ती यंत्रसुरक्षेची पुस्तिका होती. का काढली ते पुढे येईलच.) इकडे भावोजी आणि मी दोघेही खुशाल आहोत. ‘दोघेही’ असं मुद्दाम लिहिलंय म्हणून लगेच घाबरू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? सासूबाईंचा खोकला थांबला का? भाचीचं नाक अजून पुस्तकात असतं की वर निघालं? सगळ्यांची खुशाली सविस्तर कळव, कारण इकडे वाचायला पुस्तिका सोडून दुसरं काही नाही.

आज रविवार, दुपारचे तीन वाजलेत. शिधा आणणारा ट्रक पाच वाजता खाली शहरात परत जाईल, त्याच्याबरोबर हे पत्र द्यायचं आहे. म्हणजे माझ्या हातात दोन तास आहेत आणि आतापर्यंत एवढं लिहिताना मी चार वेळा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा दार लागलंय का बघायला, एकदा दार उघडायला आणि एकदा उगाचच. (आता पाचव्यांदा उठून आलो. खिडकीतून लोडर दिसतो. ताडपत्रीखाली उभा आहे. त्याला काय होणार आहे, पण बघून आलो.) मुद्द्यावर येतो. ताई, भावोजी माझ्याशी बोलत नाहीत. आज नववा दिवस. एक शब्द नाही. आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात एक कागद आहे, तो त्यांना गुरुवारी साहेबांना द्यायचा आहे. त्या कागदावर दोनच चौकोन आहेत, ‘खुणेचा माणूस: हाच ठेवावा’ आणि ‘बदलावा’. तो खुणेचा माणूस म्हणजे मी.

माझं काम तुला माहीत आहेच, पण माहेरच्या माणसांना ते कधी पटलेलं नाही म्हणून पुन्हा सांगतो. भावोजी लोडर चालवतात. लोडर म्हणजे लोखंडी पंजाचं यंत्र, झाडाचा आख्खा ओंडका तो आपण काडी उचलावी तसा उचलतो. पण केबिनमध्ये बसलेल्या माणसाला पंजाच्या पलीकडचं दिसत नाही. तिथे मी उभा राहतो आणि हाताने दाखवतो, वर घ्या, खाली घ्या, डावीकडे, थांबा. नऊ वर्षं मी भावोजींचे डोळे आहे. (डोळ्यांना पगार कमी असतो, ते सोड.) भावोजींनी ‘बदलावा’वर खूण केली की मला पलीकडच्या डोंगरावरच्या रोपवाटिकेत पाठवतील. तिथे दिवसभर पिशव्यांतल्या रोपांना पाणी घालायचं. रोपांना खुणा करून काही उपयोग नसतो. ती आपल्या मनानेच वाढतात.

आता न बोलण्याबद्दल. तू म्हणशील, त्यात नवीन काय, तुझे भावोजी मुळात दिवसाला पंधरा शब्द बोलतात. बरोबर आहे. पण त्यातले दहा मला शिव्या म्हणून मिळायचे, आणि नऊ वर्षांत मला त्यांची सवय झाली आहे. सकाळी उठल्यावर एक, बूट उलटे घातले की एक, डब्याचं झाकण हरवलं की दोन. आता त्यांच्या जागी खुणा आल्या. लाकडाच्या डेपोत अपघात झाला (तो पुढे सांगतो), त्यानंतर नियम निघाला की यंत्रापाशी तोंडाने बोलायचं नाही, फक्त हाताने. तो नियम भावोजींनी खोलीतही लागू केला! दूध हवं असेल तर ‘पंजा खाली घ्या’ची खूण. दिवा बंद कर म्हणायचं असेल तर ‘इंजिन बंद’. मी घोरायला लागलो की दोन्ही हात डोक्यावर आडवे धरून ‘ताबडतोब थांबा’ करतात, पण मी झोपलेला असतो, मला ते दिसणार कसं? मग बूट फेकून मारतात. परवा मी तुझ्याबद्दल काहीतरी बोलत होतो तर त्यांनी मूठ वळून दाखवली. मूठ म्हणजे ‘जागेवर धरून ठेवा’. मी अर्धा तास विचार करत होतो की काय धरून ठेवू.

आणि खाणं! माझ्या हातचं खात नाहीत. मी कालवण करतो, ते वाटी माझ्याकडे सरकवतात. गार दूध आणि त्यात कुस्करलेला पाव, दोन्ही वेळेला तेच. एकदा कालवणाचा एक घास घेतला आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं, उठून बाहेर गेले. इतका माझा राग! ताई, माणसाला रागवावं, पण त्याच्या कालवणाने रडू यावं इतकं रागवू नये.

(आता सहाव्यांदा उठलो होतो. पाय आपोआप चालतात. खोलीची लांबी अकरा पावलं आहे, भावोजींच्या पेटीला वळसा घातला तर तेरा.)

तर तो दिवस. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, डेपोत चिखल. ओंडक्यांची थप्पी उतारावर रचलेली, खालून पाचरी मारलेल्या. पुस्तिकेत लाल अक्षरात लिहिलंय की खुणेच्या माणसाने नेहमी थप्पीच्या वरच्या अंगाला उभं राहावं, उताराच्या अंगाला कधीही नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वरच्या अंगाला घोट्याएवढा चिखल होता आणि आदल्याच दिवशी मला नवे सुरक्षेचे बूट मिळाले होते. पुढे पोलाद, आत मऊ अस्तर, मी कधी इतके चांगले बूट घातले नव्हते. ते पहिल्याच दिवशी चिखलात घालायचं मन होईना. म्हणून मी सुरक्षेचे बूट जपायला उताराच्या अंगाला उभा राहिलो. (साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिले.) हेल्मेटही मी घातलं नव्हतं, पण ते जवळच होतं, बुंध्यावर ठेवलं होतं. डोकं फार खाजत होतं. आणि उकडत होतं म्हणून भावोजींनी केबिनची काच उघडी ठेवली होती, तीही बंद असायला हवी. म्हणजे बघ, चूक एकट्या माझी नाही. तीनपैकी एक त्यांची.

भावोजींनी पंजात एक ओंडका धरला होता, तो दुसऱ्याखाली अडकला होता. ते मागे ओढत होते आणि तो हलत नव्हता. दोनदा झालं, तीनदा झालं. मला वाटलं, कशाला त्याच्या मागे लागायचं, वरचा सुटा पडलाय तो घ्यावा. म्हणून मी ओरडलो, जाऊ दे, जाऊ दे! आणि मनगटातून हात असा पुढे झटकला. तू बघितलाच आहेस माझा हात. लहानपणी तुझी पाटी फुटली तेव्हाही असाच झटकला होता, बाबांची सायकल विहिरीत पडली तेव्हाही. ‘जाऊ दे’ म्हणजे नाद सोडा, पुढचं बघा. हे आपल्या घरात कोणालाही कळतं.

भावोजी मात्र आपल्या घरातले नाहीत. त्यांच्या घरात ‘जाऊ दे’ म्हणजे जाऊ द्या. म्हणजे पुढे चला. त्यांनी मशीन पुढे दामटली.

मग जे झालं ते फार लवकर झालं, त्यामुळे मला नीट सांगता येत नाही आणि रोज थोडं वेगळं आठवतं. ओंडका आत घुसला, पाचर उडाली, आणि वरचे तीन ओंडके माझ्याकडे यायला लागले. आवाज आधी आला. कपाट ढकलत नेल्यासारखा. मी पाण्याच्या चरात उडी मारली. म्हणजे उडी मारली असं मी सांगतो. पडलो. त्याच वेळी भावोजी गांगरले आणि त्यांनी स्टेअरिंग भलतीकडेच फिरवलं, लोडरचं पुढचं चाक थेट खड्ड्यात. मशीन दणकन आपटली आणि उतारावर आडवी अडकली. दोन ओंडके तिला येऊन धडकले आणि थांबले. तिसरा माझ्या चराच्या काठावरून, बुंध्यावरून, हेल्मेटवरून खाली निघून गेला. हेल्मेटचे दोन तुकडे झाले. बरं झालं माझं डोकं त्यात नव्हतं. (हे मी चौकशीत बोललो. त्यावर शिट्टीसाहेबांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि चष्म्याशिवाय माझ्याकडे बघितलं. शिट्टीसाहेब म्हणजे आमचे सुरक्षा अधिकारी. गळ्यात शिट्टी असते, जेवतानाही.)

मी चरातून डोकं वर काढलं तर भावोजी केबिनमधून उतरत होते. तोंडावर रुमाल घट्ट धरलेला. मला वाटलं, शिव्या बाहेर पडू नयेत म्हणून धरलाय. ते माझ्यापाशी आले, माझा उजवा हात बघितला, डावा हात बघितला, दोन्ही पाय बघितले, बोटं मोजावीत तसे. मग पाठ फिरवून जीपगाडीत बसले आणि खाली शहरात निघून गेले. संध्याकाळी आले. कुठे गेला होतात विचारलं तर उत्तर नाही. कुठे जाणार, मुख्य कचेरीत माझी तक्रार करायला गेले असणार. नऊ वर्षं एका खोलीत राहून!

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. कॅन्टीनच्या लांब टेबलावर शिट्टीसाहेब, मोठे साहेब आणि आमचे सगळे कामगार. भावोजींना विचारलं, काय झालं सांगा, तर त्यांनी तोंडावरचा रुमाल न काढता मान हलवली आणि लेखी जबाब पुढे केला. लेखी, ताई! आपल्या माणसाविरुद्ध! दोन पानं! त्यांनी लग्न ठरल्यावर तुला लिहिलेलं पत्रसुद्धा अर्ध्या पानाचं होतं, मीच पोचवलं होतं म्हणून मला माहीत आहे. शिट्टीसाहेबांनी ते मनातल्या मनात वाचलं, मोठ्या साहेबांना दाखवलं, दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि पाकिटात घालून ठेवलं. त्यात काय होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग गाडी ‘जाऊ दे’वर आली. शिट्टीसाहेब म्हणाले, हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला? मी म्हटलं, सोडून द्या या अर्थाने. करवतीवाला म्हणाला, पण ‘जाऊ दे’ म्हणजे पुढे जाऊ दे, गाडी मागे घेताना ‘येऊ दे येऊ दे’ म्हणतो ना, त्याचं उलटं. आचारी म्हणाला, भात करपला की मी ‘जाऊ दे’ म्हणतो, तेव्हा भात कुठे जातो? झालं, सगळे तुटून पडले. ‘बस’ म्हणजे पुरे, की खाली बस? ‘सोड’ म्हणजे पंजा उघड, की नाद सोड? ‘राहू दे’ म्हणजे आहे तिथे ठेव, की नको? एकेक शब्द निघायला लागला तसा शिट्टीसाहेबांचा चेहरा उतरत गेला, कारण त्यांच्या लक्षात आलं की आपण सगळे वर्षानुवर्षं यातले शब्द ओरडत टनावारी लाकूड डोक्यावरून फिरवत आलो आहोत. ते एकेक शब्द फळ्यावर लिहून त्यावर फुली मारत होते. दीड तासाने फळा भरला. तरी करवतीवाला आणि आचारी भाताबद्दल भांडतच होते. शेवटी शिट्टीसाहेब वैतागले, हात झटकला (अगदी माझ्यासारखा, मनगटातून) आणि जोरात ओरडले, अरे जाऊ दे आता!

खिडकीबाहेर एक ट्रकवाला दोन तास उभा होता, ओंडके भरून घ्यायला. आत काय चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. त्याने शिट्टीसाहेबांचा आवाज ऐकला, ‘बरं साहेब’ म्हणाला आणि रिकामा ट्रक घेऊन निघून गेला. त्याला परत बोलवायला दुसऱ्या दिवशी दुपार झाली.

तेव्हापासून डेपोत कोणी कोणाशी बोलत नाही. यंत्रापाशी बोलायचं नाही हा नियम, पण फळ्यावरचे शब्द इतके रोजचे आहेत की चुकून निघतील या भीतीने लोक जेवतानाही गप्प असतात. आचारी वाढताना पातेलं पुढे करतो आणि भुवया उंचावतो. मला सगळे ‘जाऊदेराव’ म्हणायला लागले होते, तेही आता म्हणत नाहीत, हात झटकतात.

ताई, मी सुधारलो आहे. हसू नकोस. पुस्तिका टेबलाखालून काढून पाठ केली. हेल्मेट घालतो, पट्टा हनुवटीखाली बांधून, मुतारीला जातानाही. वरच्या अंगाला चिखलात उभा राहतो, बूट आता ओळखू येत नाहीत. भावोजींची नजर माझ्या नजरेला भिडल्याशिवाय हात हलवत नाही. पूर्वी मी खुणा करता करता पक्षी बघायचो, आता समोरून हत्ती गेला तरी बघणार नाही. पण भावोजींना त्याचं काही नाही. केबिनमधून माझ्याकडे टक लावून बघतात आणि खुणेप्रमाणे काम करतात. संध्याकाळी उतरले की आधी खिसा चाचपतात, कागद आहे ना म्हणून. मग दूध-पाव.

(बाहेर शिध्याच्या ट्रकवाल्याने एक हॉर्न दिला. म्हणजे अजून पाऊण तास आहे, तो नेहमी घाबरवायला आधी देतो. तरी उठून बघून आलो.)

आता पत्र आवरतो. तुझ्या तब्येतीला जप, गुडघ्याला शेक घे, सासूबाईंना नमस्कार सांग, भाचीला पापा. मी अगदी मजेत आहे. रोपवाटिकेत गेलो तरी हवा चांगली असते म्हणतात, आणि तिथे अंगावर येईल असं काही नाही. मला कामाची काळजी नाही. ते एक असो.

तुझा,
धाकटा

ता. क. मजेत आहे हे खोटं. रात्री एकदा जाग आली की मला पुन्हा झोप लागत नाही. भावोजींचा शब्द तू मोडत नाहीस आणि तुझा ते मोडत नाहीत, म्हणून तू त्यांना दोन ओळी लिही की ‘हाच ठेवावा’वर खूण करा. बुधवारी ट्रक परत येतो, त्याच्याबरोबर पाठव.

ता. क. दुसरं. वरचं खोडायचं होतं पण शाई फार झाली असती. कागदाचं जाऊ दे. (लिहिताना चालतं, लिहिण्यावर बंदी नाही.) त्यांनी हवं तर ‘बदलावा’ लिहावं. ताई, त्यांना एवढंच सांग की मला एकदा शिव्या द्या. मोठ्या, मनापासून, सगळ्यांसमोर दिल्या तरी चालतील. मी चूक केली हे मला माहीत आहे, बुटांचं वगैरे मी उगाच लिहिलं. पण ते शिव्याही देत नाहीत म्हणजे त्यांनी मला मनातूनच काढून टाकलं, असं वाटतं. ओंडका आला तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो.

ता. क. तिसरं. पाकिटं संपली आहेत. भावोजींच्या पेटीत आहेत, पण मागायचं कसं? पाकिटाची खूण पुस्तिकेत नाही. मी दोन्ही हातांनी चौकोन काढून दाखवला तर त्यांनी खिडकी बंद केली. शेवटी पत्रच पुढे केलं. आता ते स्वतःच घालून चिकटवून ट्रकवाल्याला देतो अशी खूण करताहेत. वाचणार नाहीत, परक्याचं पत्र ते कधी वाचत नाहीत. देतो.

ता. क. चौथं.

अक्षर ओळखलं असशील. वाचलं. हा परका नाही.

माझी जीभ चावली गेली आहे. चार टाके. त्याच दिवशी खाली डॉक्टरकडे जाऊन आलो. दोन आठवडे बोलायचं नाही, तिखट-गरम खायचं नाही. लेखी जबाबात साहेबांना कळवलं आहे. तुला कळवलं नाही, कारण तू गुडघा घेऊन इथवर आली असतीस. याला सांगितलं नाही, कारण हा दिवसातून दहा वेळा तोंड उघडून दाखवा म्हणाला असता.

चाक खड्ड्यात गेलं नाही. घातलं. मशीन आडवी टाकली तर दोन तरी अडतील असा अंदाज होता, दोन अडले. काच उघडी होती ती माझी चूक, जबाबात लिहिली आहे.

शिव्या द्या म्हणतो. देतच होतो. पहिलीच अर्धी झाली होती तेव्हा मशीन आपटली आणि जीभ दातांत आली.

कागद मिळाला त्याच संध्याकाळी ‘हाच ठेवावा’वर खूण केली. दुसऱ्या कोणाच्या खुणेवर मी पंजा हलवणार नाही. पण गुरुवारी देईन, आधी नाही. नऊ दिवस हा हेल्मेट घालून, योग्य जागी, तोंड मिटून उभा राहतोय. नऊ वर्षांत मी बोलून हे झालं नव्हतं. तू त्याला काही कळवू नकोस.

तिसरा ओंडका गेल्यावर हा बराच वेळ दिसला नाही. चरातून डोकं वर काढेपर्यंत मी केबिनमध्ये बसून होतो आणि हे तुला कोणत्या तोंडाने सांगायचं ते शोधत होतो. तेव्हा टाके पडले नव्हते. तरी उघडत नव्हतं.